वालाच्या दिवसांतली दगडी

वालाच्या शेंगा भरायला लागल्या की रोह्याच्या रस्त्याला एक वास सुटतो. भांबुर्ड्याचा पाला, ओवा, मीठ आणि पेंढ्याच्या जाळात करपलेलं मडकं. मडक्यात भाजलेल्या शेंगांचा, पोपटीचा वास. लोक या वासासाठी पनवेलहून गाड्या काढून येतात, बांधावर उभे राहून फोटो काढतात, मडकं उपडं झालं की लहान पोरांसारखे शेंगांवर तुटून पडतात. मलाही हा वास आवडायचा. आता तो आला की मला आधी एक कास आठवते. एका बाजूनं सुजलेली, गरम, टणक. हात लावला की गाय पाय झाडते. आमच्याकडे या आजाराला दगडी म्हणतात. अशी कास एकदा ज्यानं दाबून पाहिली आहे त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

यंदा जिते स्टेशनवरून रोह्याच्या गाडीत बसले तेव्हा डोक्यात दुसरंच काम होतं. पेण गेलं, कासू गेलं, खिडकीतून कापलेल्या भातशेतांत वालाचे हिरवे पट्टे दिसायला लागले आणि डोक्यातलं काम मागे पडलं. रोह्याला उतरून कुंडलिकेच्या पुलाकडे वळले तर समोरून तोच वास. काही हंगाम संपत नाहीत. ते दरवर्षी येऊन विचारतात, काय गो, उत्तर सापडलं का?

मी पत्रकं लिहिते. बायांच्या संघटनेत आल्यापासून तेच शिकले. पत्रकाचं एक बरं असतं. त्यात गुन्हेगार पहिल्या परिच्छेदात सापडतो, मागणी शेवटच्या परिच्छेदात येते आणि मधे वाचणाऱ्याचं रक्त तापवायचं असतं. पाणी कुणी अडवलं, रेशन कुणी खाल्लं, बाईला कुणी मारलं, सगळं एका कागदात बसतं. ‘बायांनो, जाग्या व्हा’ हे मी इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही लिहीन. ती कास पाहिली त्या वर्षी रोह्याच्या आतल्या बाजूच्या एका गावात संकलन केंद्रावर घातलेलं दूध वरचेवर फाटत होतं. केंद्रवाला बायांवर पाणी घातल्याचा आळ घेत होता. बाया म्हणाल्या, आम्ही पाणी घातलं असेल तर आमचे हात झडोत, तुम्ही येऊन बघा. म्हणून मी गेले, आणि पेणचे गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले. मला खात्री होती की केंद्रवाल्याचं मापच खोटं असणार. पत्रकाचा मथळासुद्धा तयार होता.

वाल तेव्हा फुलावर होता. पांढरी-जांभळी फुलं, त्यांवर दव. पहिलाच गोठा वंदनावहिनीचा. वहिनी पस्तिशीची, बोलायला कमी, हात मोठे. नवरा दिनेशदादा धाटावला कंपनीत कंत्राटी कामगार. त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरायची, म्हणून घरची गाय सकाळ-संध्याकाळ वहिनीच्या हातात. गायीचं नाव चांदी. जर्सी, कपाळावर पांढरा ठिपका. ती वासरू असताना वहिनीनं माहेराहून आणली होती. त्या घरात घर सासऱ्याचं, शेत दिराच्या सामायिकात, भांडी सासूची. वहिनीचं म्हणता येईल असं एकच होतं आणि ते दावणीला बांधलेलं होतं.

डॉक्टरांनी पिशवीतून एक पांढरी थाळी काढली. चार खणांची. प्रत्येक सडाच्या दोन-दोन धारा एकेका खणात घेतल्या, वर जांभळं औषध ओतलं आणि थाळी गोल गोल फिरवली. तीन खणांतलं दूध पाण्यासारखं हललं. चौथं हललं नाही. ते गोळा झालं. डॉक्टरांनी थाळी तिरकी केली तर ते शेंबडासारखं लोंबलं. मागच्या डाव्या सडाचं दूध. केंद्रावर फाटत होतं ते असल्या दुधानं. आणि थोड्या वेळापूर्वी तेच दूध पांढरंशुभ्र होतं. ना गुठळी, ना वास, ना रंग. मी नुकताच त्या घरचा चहा प्यायले होते.

मला काय वाटलं ते सांगते, कारण या लेखात मला दुसरं काही सांगायचंच नाही. मला धक्का बसला. घाण दिसते, वास मारते, तिच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो, अशी माझी समजूत होती. इथं तर घाण पांढरी होती, गोड होती, पेल्यात होती. वहिनीची सासू मथीआय दाराशी उभी होती. ती म्हणाली, “दिसत नाय ते दुखनं कसलं?” डॉक्टर म्हणाले, दिसायला लागेल तेव्हा उशीर झालेला असेल. आता आत आहे, मग दुधात गुठळ्या येतील, मग रक्त, मग कासेचा तेवढा भाग दगड होईल आणि सड मुका होईल. मुका म्हणजे त्यातून पुन्हा धार येणार नाही. गाय तीनसडी.

मग त्यांनी सगळं बारीकसारीक सांगितलं. गोठ्याची जमीन कोरडी ठेवा, खाली राख टाका. पहिल्या धारा जमिनीवर सोडू नका, काळ्या फडक्यावर घ्या, बारीक कणी असली तरी दिसेल. अंगठा दुमडून सड ओढू नका, मुठीत धरून दाबा. धार झाली की सड औषधात बुडवा आणि गायीला लगेच बसू देऊ नका, पुढ्यात वैरण टाका, कारण धार काढल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडं राहतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कास पूर्ण रिकामी करा. आत राहिलेलं दूध म्हणजे रोगाला घातलेलं जेवण. सडात औषधाची नळी सोडली, आणि औषध चालू आहे तोवरचं दूध ना केंद्रावर, ना घरात, ना वासराला, असं बजावलं. मथीआयला दूध पायदळी ओतवेना. ती ते रोज फणसाच्या मुळाशी नेऊन घालायची आणि हात जोडायची.

वहिनीनं सगळं केलं. तिला दोनदा सांगावं लागलं नाही. दिवसातून कितीतरी वेळा तो सड पिळायची, गरम पाण्याचा शेक द्यायची, चांदीच्या मानेला कपाळ लावून उभी राहायची. नळी सोडताना गाय थरथरली तेव्हा वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, ते मी पाहिलं. थाळीचा चौथा खण पुन्हा पाण्यासारखा हलला. मी पत्रक छापलं, ‘निरोगी कास, स्वच्छ दूध’. गावभर वाटलं.

पौषात शेंगा भरल्या. बांधावर पोपटी लावली होती तेव्हा मला मुद्दाम बोलावणं आलं. मडकं उपडं झालं, वाफ उसळली, दिनेशदादानं पळसाच्या पानावर शेंगा वाढल्या. वहिनी कुठं दिसेना. मी पान झाकून तिच्यासाठी घरी घेऊन गेले. ती मागच्या पडवीत वेगळ्या चटईवर बसलेली. मला म्हणाली, खाली ठेव, हातात नको देऊस, मी भायेर बसलेय. पाळी. चार दिवस स्वयंपाकघर बंद, देव बंद, गोठा बंद. गोठा तर सगळ्यांत आधी बंद, कारण या गावात मानतात की विटाळशी बाईची सावली कासेवर पडली तर दगडी होते.

गोठ्यातून चांदी हंबरत होती. मथीआय तिच्याखाली बसली होती. संधिवातानं वाकडा झालेला अंगठा दुमडून सड ओढत होती. बादलीच्या तळाला थोडासा फेस. गायीनं पान्हा चोरला होता. तिला वहिनीचा हात हवा होता. थोड्या वेळानं मथीआय कमरेवर हात ठेवून उठली, बादली उचलली आणि म्हणाली, द्यायचं नाय तर नको देऊ, हट्टी मेली. कास तशीच भरलेली राहिली.

मी पाहिलं आणि परत पोपटीकडे गेले. डोळ्यांसमोर घडत होतं तरी मला दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात गावात गेले तेव्हा कळलं, चांदीला पुन्हा दगडी. तोच सड. या वेळी फडक्यावर कणी होती. डॉक्टर चक्रावले. जमीन कोरडी, मूठ बरोबर, औषध पूर्ण, मग कसं? आणि मी बस थांब्यावर उभी असताना एकदम सगळं माझ्या अंगावर आलं. दगडी होऊ नये म्हणून जे पाळत होते, त्यानंच दगडी होत होती. चार दिवस कास अर्धी भरलेली ठेवायची, पाचव्या दिवशी सूज आली की म्हणायचं, कुणाची तरी सावली पडली असेल. मग पुढच्या महिन्यात आणखी कडक पाळायचं. मी बस सोडली आणि परत गावात गेले.

मथीआयला जे बोलले त्यातलं निम्मं इथं लिहिता येणार नाही. म्हातारी शांतपणे सुपात तांदूळ पाखडत होती. माझं झाल्यावर म्हणाली की तिच्या सासूनं पाळलं, तिनं पाळलं, तेव्हा गायी गावठी होत्या आणि वासरं त्यांच्याच पोटाशी असायची. माणसानं नाही पिळलं तर वासरू पिऊन कास मोकळी करायचं. “आता वासरू जन्मल्या दिवशी लांब बांधाय तुमीच सांगता. आनि पाप लागतं ते आमच्या पाळन्याला.” डॉक्टरांनीही समजावलं. त्यांना तिनं सांगितलं, तुम्ही औषध द्या, धर्म तुमच्या पिशवीत नाही.

मला आनंद झाला होता, खरं सांगायचं तर. हा माझ्या हक्काचा विषय होता. गुन्हेगार सापडला होता, मागणी सापडली होती. गायीच्या कासेतून थेट विटाळाच्या मुळावर घाव. असं पत्रक जिल्ह्यात कुणी काढलं नसतं. वहिनी वालाच्या शेतात शेंगा तोडत होती, तिथं मी धावत गेले. बाहेर बसायचं तिचं संपलं होतं. मी म्हटलं, वहिनी, आता सभाच घेते, सगळ्यांसमोर डॉक्टरांना बोलायला लावते, बघ पुढच्या महिन्यापासून तू चारही दिवस गोठ्यात असशील.

वहिनी शेंगा तोडत राहिली. मग म्हणाली, “सभा नको घेऊ.”

मला वाटलं सासूला घाबरते. मी धीर द्यायला लागले तर तिनं मला थांबवलं.

“मला म्हायती हाय गो. पयल्या खेपेपासनं म्हायती हाय. पाचव्या दिशी मी हात लावते तवा कास कशी लागते ते मला नाय कळत, तर कुनाला?”

“मग बोलली का नाहीस?”

ती तेव्हा माझ्याकडे वळली. चिडली नव्हती. समजावल्यासारखं म्हणाली, “बोलले तर जावं लागंल. बारा महिने माझे हात त्या कासेला बांधलेले. पाऊस असो, ताप असो, घरात लगीन असो. हे चार दिस कोन मला हाक मारत नाय. उजाडेपर्यंत मी निजते. ते पन तू पत्रकात घालनार.”

मला पहिला धक्का थाळीनं दिला होता, दुसरा मथीआयच्या सावलीच्या समजुतीनं. हा तिसरा कुठं ठेवायचा ते मला आजही कळलेलं नाही. ज्या चटईला मी तुरुंग म्हणत होते ती या बाईची एकुलती एक सुट्टी होती. आणि त्या सुट्टीची किंमत ती तिच्या सगळ्यांत लाडक्या जिवाच्या अंगावर वसूल होताना बघत होती. डोळे उघडे ठेवून. पडवीतून तिला चांदीचं हंबरणं ऐकू येत नव्हतं थोडंच. मला तिचा राग आला. खूप आला. मग प्रश्न पडला की एका बाईला झोपायला मिळावं म्हणून गायीचा सड जातो अशी व्यवस्था जिथं आहे, तिथं राग त्या बाईवर कसा काढायचा? रात्री कागद घेऊन बसले. ‘विटाळ झुगारा’ लिहिलं. त्याखाली ‘आणि पहाटे गोठ्यात जा’ हे आपोआप उमटणार होतं. कागद कोरा ठेवला.

माघात वाल वाळला. शेतात वेल उपटून त्यांचे ढीग लावले होते, वाळक्या शेंगा उन्हात तडतड फुटत होत्या. चांदीला तिसऱ्यांदा झाली. या वेळी थाळी काढायची गरजच पडली नाही. सडातून पिवळं पाणी आणि रक्ताचा धागा आला. गायीला ताप, तिनं वैरण सोडलेली. डॉक्टर गोठ्यातून हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, इंजेक्शन देतो, गाय वाचेल, सडाचं मात्र सांगत नाही. दिनेशदादा पहिली शिफ्ट करून नुकताच आला होता, डबासुद्धा खांद्यावरच. म्हणाला, मग विकून टाकू, दुखणाईत गाय किती दिवस ओढायची.

मथीआय अंगणात रडायला लागली. रडता रडता तिनं तोंड वहिनीकडे वळवलं. तूच गेली असशील. कुणाचं लक्ष नाही बघून गोठ्यात गेली असशील, तुझीच सावली पडली, बापाघरच्या गायीवर लई माया ना तुझी. शेजारच्या दोघी कुडावरून बघत होत्या. मी तोंड उघडलं होतं. वहिनीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी गप्प झाले.

“गेले नाय म्हनून झाली,” वहिनी म्हणाली.

अंगणात कुणालाच आधी समजलं नाही. तिनं परत सांगितलं, सावकाश. कास भरलेली राहते, गाय आईला देत नाही, तीन महिने पाचव्या दिवशी माझ्या हाताला लागतंय. दिनेशदादानं डबा खाली ठेवला. मग म्हणाला, हे माहीत होतं तर जायचं ना, आईला मी समजावलं असतं, आता यापुढं जात जा.

“मी नाय जानार,” वहिनी म्हणाली. “तुमी जावा.”

त्या गावात बाईनं नवऱ्याला असं सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. तो हसला. त्याला वाटलं चेष्टा. मग म्हणाला, मला ती लाथ मारते, माझ्या हाताला कंपनीचा वास येतो. वहिनी म्हणाली, वास जातो. गाय विकायची नाय, ती माझी हाय.

सड गेला. तो परत आला नाही. पुढच्या वेतालाही आला नाही. चांदी तीनसडी झाली आणि मागच्या डाव्या बाजूला कास आत ओढल्यासारखी दिसते, जशी दात नसलेल्या माणसाची गालफडं. हे मी गोड करून लिहिणार नाही. त्या हंगामात एका जनावराचा अवयव मेला, आणि तो मरत असताना ज्यांना ज्यांना कळत होतं त्या सगळ्यांकडे आपापलं कारण होतं.

दिनेशदादा शिकला. आधी शिफ्टनुसार जमेल तेव्हा वहिनीच्या शेजारी नुसता बसायचा, हात राखेनं घासून. मग मूठ धरायला शिकला. तरी पहिल्यांदा एकटा बसला तेव्हा चांदीनं पान्हा चोरलाच. वहिनीनं पडवीतून आपला न धुतलेला गाऊन त्याच्याकडे फेकला. विटाळाचा गाऊन म्हणून मथीआय किंचाळली. दिनेशदादानं तो कंपनीच्या पॅन्टवर चढवला, गायीनं मान वळवून हुंगलं आणि दूध सोडलं. तेव्हापासून महिन्याचे ते दिवस तो गाऊन घालून धार काढतो आणि गाव त्याला सोडत नाही. वहिनी, आज नवरा कुठं पाठवला गो, असं त्यालाच कुडावरून विचारतात. तो म्हणतो, धाटावला गेलाय, ओव्हरटाइम हाय त्याला. त्याची शिफ्ट जुळत नाही तेव्हा शेजारचा पुतण्या तोच गाऊन घालतो.

मी आजही म्हणते, हा विटाळ खोटा आहे. कासेला बाईची सावली बाधत नाही, साठलेलं दूध बाधतं. हे मी सभेत सांगते, छापून वाटते. पण त्याच्या खाली आता मी एक ओळ घालते, की घरातल्या प्रत्येक हाताला धार काढता आली पाहिजे. ही ओळ बायांना कळते. पुरुष ती वाचून कागद उलटा करतात, मागे काय लिहिलंय ते बघायला.

यंदा गेले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. थाळीचे तीन खण पाण्यासारखे हलले, चौथा रिकामा. दिनेशदादा गाऊन खोचून गोठ्यात बसला होता, बादलीत धारेचा जाड आवाज येत होता. वहिनी पडवीत भिंतीला टेकून बसलेली. ना हातात सूप, ना मांडीवर निवडायचं काही. काहीही करत नव्हती. मी या माणसांत इतकी वर्षं फिरते, काहीही न करणारी बाई मी फार कमी पाहिली आहे.

मथीआयनं मला बाजूला घेतलं. तिला काळजी वाटत होती, खरीखुरी. हळू आवाजात म्हणाली, “आताशा हिचे पाच-सा दिस चालतात गो. आदी चारातच व्हायचं. पेनला बायांच्या डॉक्टरनीला दाखवाय पायजेल का?”

मी वहिनीकडे पाहिलं. तिला ऐकू गेलं होतं. डोळे तिनं माझ्यावरून हलवले नाहीत.

मी खोटं लिहीत नाही, खोटं बोलत नाही, आणि कुणी बोललं तर भर सभेत उठून त्याला अडवते. मी मथीआयचा हात हातात घेतला.

“थंडीत होतं तसं, आय,” मी म्हटलं. “बायांना लागतात कधी कधी जास्त दिवस.”

पडवीत वहिनीनं पाय आणखी लांब केले.